चौदा नंबरचा बिल्ला

दाजींना फोरमनकी मिळाली तर मला माझी बायको परत मिळणार होती. एकसष्ट सालच्या मार्चच्या एकतीस तारखेला, दुपारी चारच्या सुमाराला, गॅरेजच्या फाटकातल्या टाइमकीपरच्या खिडकीत बसून मी हा हिशेब घालत होतो, आणि कसाही घातला तरी तो जुळत होता.

लग्नाला आठ महिने झाले होते आणि मी रोज दाजींच्या शेजारी झोपत होतो. आमच्या घरात दोन खोल्या. आतल्या खोलीत आई, आक्का, आक्काच्या तीन पोरी आणि माझी बायको. बाहेरच्या खोलीत मी आणि दाजी, म्हणजे आक्काचे यजमान श्रीपतराव. दाजी झोपेत दात खायचे. बायकोनं चार महिने सोसलं, पाचव्या महिन्यात माहेरी गेली आणि तिथून भावाच्या हाती निरोप पाठवला, "खोली मोकळी झाली की कळवा."

जुने फोरमन निवृत्त होत होते आणि कंपनी ताब्यात घेणारी नगरपालिका सर्वांत जुन्या मिस्त्रीला त्यांच्या जागी नेमणार होती. फोरमनला गॅरेजच्या आवारात क्वार्टर असायचं. दोन खोल्या, पुढं पडवी आणि दाराशी स्वतःचा नळ. आक्का तो नळ येताजाता बघून यायची.

"आनंदा," ती म्हणायची, "नगरपालिका माणसं निवडताना काय बघती रे?"

"सर्व्हिस बघते."

"मग आमच्या ह्यांची काय कमी हाय? त्रेचाळीसपासनं राबत्यात."

"दस्तगीर मिस्त्री एक्केचाळीसपासनं आहेत."

यावर आक्का पुन्हा नळाकडं एक फेरी मारायची. दोन वर्षांचा फरक होता आणि तो कुणाला खोडता येत नव्हता.

आमची कंपनी गुलाबशेठची. शहरात बस म्हणजे काय ते पहिल्यांदा त्यानं दाखवलं. एकवीस गाड्या, जुन्या पिंजरापोळाच्या जागेत उभं केलेलं पत्र्याचं गॅरेज, आणि त्या गॅरेजात एकच खड्डा. खड्डा म्हणजे गाडी वर उभी करून खालून दुरुस्ती करायची ती जागा. कमरेइतक्या खोलीची, तेलानं काळी झालेली. मिस्त्रीनं दिवसभर तिथं वाकून राहायचं. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात डबकं. फोरमन तेवढा वर उभा राहून बोलणार. गॅरेजातल्या माणसाला बढती म्हणजे पगार नव्हे, खड्ड्यातून वर येणं.

दुसऱ्या दिवशी, एक एप्रिलला, कंपनी नगरपालिकेच्या ताब्यात जाणार होती. तिचे साहेब, प्रभुदेसाई, सकाळी दहाला येऊन गाड्या आणि माणसं मोजून घेणार होते. ड्रायव्हर-कंडक्टरांची नावं मस्टरात होती. गॅरेजवाल्यांना मस्टर नव्हतंच. त्यांना पितळी बिल्ले होते. माझ्या खिडकीशेजारी एक फळी, तिच्यावर सत्तावीस खिळे. सकाळी आलेल्या माणसानं आपला बिल्ला खिळ्याला लावायचा, जाताना काढून न्यायचा. बिल्ल्याच्या पुढं नंबर आणि पाठीवर नोकरीला लागल्याचं वर्ष ठोकलेलं. शेठ म्हणायचा, "कागदाला वाळवी लागते. पितळेला लागत नाही."

नगरपालिकेनं हे मान्य केलं होतं. एक तारखेला दहा वाजता फळीवर ज्याचा बिल्ला, त्याची सर्व्हिस बिल्ल्यावरच्या वर्षापासून. ज्याचा नाही, त्याची नोकरी राहील, पण मोजायची त्या तारखेपासून. यादी एकदा बंद झाली की झाली. तशी नोटीसच लागली होती आणि मी ती सगळ्यांना तीन वेळा वाचून दाखवली होती.

आता आमच्या गॅरेजची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. मिस्त्रीनं दुरुस्त केलेली गाडी बाहेर पडायची ती त्याचा बिल्ला स्टिअरिंगला अडकवून. गाडी दिवसभर नीट चालली तर ड्रायव्हर संध्याकाळी तो बिल्ला माझ्या खिडकीत द्यायचा, मी खिळ्याला लावायचा. गाडी वाटेत बंद पडली तर ड्रायव्हर बिल्ला खिशात घालून घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं सगळ्यांना चहा पाजून तो सोडवून घ्यायचा. दाजींच्या चहावर आमच्या कँटीनवाल्याचं बरं चाललं होतं. दस्तगीर मिस्त्रींनी मात्र वीस वर्षांत असा चहा एकदाही पाजला नव्हता.

एकतीस तारखेच्या सकाळी ते चौदा नंबर घेऊन फाटकात आले. चौदा नंबर ही त्यांचीच गाडी म्हणायची. लढाईच्या दिवसांत सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा दोन मोडक्या गाड्यांमधून त्यांनी ही एक उभी केली होती. त्या आठवड्यात तिचं इंजिन उतरवून पुन्हा चढवलं होतं. मिस्त्री ठेंगणे, हात शरीराच्या मानानं मोठे, बोलणं तिरकं. त्यांनी फळीवरचा आपला बिल्ला काढला आणि स्टिअरिंगला बांधायला लागले.

"मिस्त्री, आजच्या दिवस राहू द्या," मी म्हणालो. "उद्या मोजणी आहे. दाजींनी बघा, सकाळी गाडी दिली ती बिल्ल्याशिवाय."

"त्येंच्या गाडीला बिल्ला न्हाई ते बरंच. चहाचा खर्च वाचला."

"चेष्टा नाही. हरवला बिरवला तर?"

"आरं, संध्याकाळी येईल की तुझ्याच खिडकीत." ते गाठ मारत म्हणाले. "कंपनीचा शेवटचा दिवस. आजच बिनबिल्ल्याची गाडी सोडली तर ही म्हणंल, म्हातारा आयत्या वक्ताला घाबरला."

ही म्हणजे गाडी. स्टिअरिंगवर येसबा ड्रायव्हर होता, साठीच्या पुढचा. त्याला नगरपालिका नको होती. शेवटची फेरी मारून त्याच संध्याकाळी तो आपल्या गावी, तीस मैलांवर, शेतीला जाणार होता. तो म्हणाला, "मिस्त्री, बंद पडली तर बिल्ला गावाकडं घिऊन जाईन हां. चहा प्याया तकडंच या."

"पडली तर चहा कशाला, म्हस घिऊन येतो," मिस्त्री म्हणाले.

ही सगळी सकाळची गोष्ट. दुपारी शेठनं पेढे वाटले आणि गॅरेजवाल्यांना अर्ध्या दिवसाची सुटी दिली. उद्याच्या मोजणीसाठी बिल्ले फळीवरच राहू द्यायचे ठरले. मिस्त्रींच्या साडूकडं मयत झाली होती, ते तिकडं गेले. दाजी घरी जाऊन झोपले. साडेपाचला नगरपालिकेचा शिपाई आला, उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर कागदी सील चिकटवत फिरला आणि येणाऱ्या गाडीला आली की सील लावायचं म्हणून पडवीत बसला.

सहाला चौदा नंबर आत आली. येसबानं ती जागेवर लावली आणि खिडकीत बिल्ला ठेवला.

"मिस्त्रीला सांग, लोण्यावानी चालली. धा फेऱ्या केल्या, एकदा सुदिक कुरकुरली न्हाई."

"सांगतो."

"आन् म्हस र्‍हायली म्हणावं." तो हसला. गाठोडं काखेत मारून तो फाटकातून गेला. पुन्हा काही मला दिसला नाही.

बिल्ला माझ्या हातात होता. दोन नंबरचा खिळा माझ्यापासून हातभर लांब. मी उठलो होतो, हे मला पक्कं आठवतं. उठून फळीपाशी उभाही राहिलो. पाठीवरचं वर्ष बघितलं, १९४१. मग शेजारच्या खिळ्यावर दाजींचा बिल्ला होता तो उलटा करून बघितला. आणि मग मी बिल्ला खिशात टाकला. लपवायचा असं ठरवून नव्हे. घरी जाता जाता मिस्त्रींकडं देऊ, असं मनाला सांगून. मिस्त्रींचं घर माझ्या वाटेवर नव्हतं.

सकाळी दहाला प्रभुदेसाई साहेब आले. स्वच्छ धोतर, हातात छत्री, सोबत कारकून. फळीवरचे बिल्ले एकेक उलटे करून वर्ष वाचायला लागले. मिस्त्री मागून आले, मयताच्या घरी रात्र काढून थेट. त्यांनी फळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दोन नंबर कुठाय?"

मी म्हणालो, "आला नाही."

एवढेच दोन शब्द. त्यानंतर मी त्या दिवशी जे काही केलं ते फक्त लिहिण्याचं.

मिस्त्रींचा चेहरा पडला, पण मला वाटलं होतं तसा नाही. संशय नव्हता त्यात. शरम होती. पोरगं नापास झाल्याचं चारचौघांत कळावं तसे ते मान वळवून चौदा नंबरकडं बघायला लागले.

साहेबांनी विचारलं, "तुमचा बिल्ला?"

"गाडीसंगं गेलाय साहेब. चौदा नंबर."

"मग गाडी तर इथं उभी आहे."

"व्हय. बिल्ला आला न्हाई म्हंजी..." मग आमची रीत त्यांनी साहेबांना पहिल्यापासून समजावून सांगितली, कसलीही काटछाट न करता. आणि शेवटी म्हणाले, "म्हंजी गाडी वाटंत बंद पडली असणार. येसबानं कशीबशी आणून लावली आन् बिल्ला घिऊन गेला."

"टाइमकीपर, तुमच्या नोंदीत काय आहे?"

नोंदवहीत चौदा नंबरपुढची जागा कोरी होती. आदल्या संध्याकाळी वेळ मांडायला हात धजला नव्हता. मी म्हणालो, "लिहायची राहिली आहे साहेब."

"मग आता लिहा. वाटेत बंद."

मी लिहिलं.

दाजी मागं उभे होते. ते एकदाच म्हणाले, "साहेब, सील काढून एक डाव हँडल मारून बघायला काय हरकत हाय? मिस्त्रीची गाडी हाय ती." ज्याच्यासाठी मी हे करत होतो तोच माणूस खेळ मोडायला निघाला होता. पण सील लागलेल्या गाडीला कंपनीच्या माणसानं हात लावायचा नाही असा नियम होता, आणि साहेब नियमाचे पक्के. त्यांनी कारकुनाला सांगितलं, "गाड्या एकवीस. चालू वीस, नादुरुस्त एक." आणि मिस्त्रींना म्हणाले, "तुमचं नाव आजच्या तारखेनं घेतो. वाईट वाटून घेऊ नका."

"माझं ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले. "गाडी एकदा चालू करून बघा म्हंजी झालं."

नंतरही त्याच मागणीसाठी ते दोनदा साहेबांच्या कचेरीत जाऊन आले. दोन्ही वेळा उत्तर एकच, की कागद पुढं गेला.

आठवड्यात दाजी फोरमन झाले. पंधरा दिवसांत आक्कानं नळाला हळदकुंकू वाहिलं. मी सासुरवाडीला पत्र टाकलं, "खोली मोकळी झाली." बायको आली तेव्हा तिनं पहिल्यांदा दाजींची वळकटी होती तो कोपरा झाडून घेतला.

त्यानंतर एक रविवार गेला तो मी अजून विसरलो नाही. मिस्त्री येसबाच्या गावाला गेले होते, बिल्ला सोडवून आणायला. मी दिवसभर जेवलो नाही. बायकोला वाटलं पोट बिघडलं. सोमवारी सकाळी मिस्त्री फाटकात आले, त्यांना दिलेला नगरपालिकेचा नवा पत्र्याचा बिल्ला खिळ्याला लावला.

"भेटला येसबा?" मी विचारलं. विचारणं भागच होतं.

"भेटला."

"मग?"

"हरवला म्हणाला." आणि ते खड्ड्यात उतरले.

मला हायसं वाटलं. म्हातारा माणूस, विसरला असेल, किंवा मी नशीबवान असेन. अशा वेळी माणूस खोलात जात नाही. बिल्ला मी घरी तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवला होता.

मे महिन्यात चौदा नंबर भंगारात काढली. घेणारा व्यापारी परगावचा. ओढून न्यायला त्यानं ट्रक आणला होता, पण त्याच्यासोबतचा ड्रायव्हर म्हणाला, बघू तरी, म्हणून त्यानं पुढं जाऊन हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. सगळं गॅरेज बाहेर आलं. चौदा नंबर आपल्या पायांनी फाटकातून निघाली, दोरखंड रिकामा मागं पडलेला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणीतरी ओरडलं, "येसबा, म्हाताऱ्या, चहासाठी गाडी बुडवलीस की रे." त्या दिवसापासून आमच्याकडं खोटं बोलणाऱ्याला येसबा म्हणायची पद्धत पडली. खरा येसबा पुढच्या दिवाळीत वारला. त्याला हे कधी कळलं नसावं.

सगळे बाहेर होते, मिस्त्री नव्हते. ते खड्ड्यातच होते, वर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखाली. मी खिडकीतून ओरडलो, "मिस्त्री, चौदा नंबर चालली."

"ऐकतोय," खालून आवाज आला.

फाटकातून बाहेर गेलेल्या गाडीची वेळ मांडायची माझी सवय. मी मांडली. अकरा वीस.

यानंतर चौदा वर्षं ते खड्ड्यात राहिले. नगरपालिकेनं दुसरं गॅरेज बांधलं, सिमेंटचं, तीन खड्ड्यांचं. मिस्त्री त्या तिन्हींत राबले. दाजी फोरमन म्हणून वर उभे असायचे, पण इंजिनातला आवाज त्यांना कधीच कळला नाही. कळेना की खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसायचे आणि हळूच विचारायचे, "मिस्त्री, काय असंल ओ?" खालून उत्तर यायचं आणि दाजी ते उठून मोठ्यानं सगळ्यांना सांगायचे. मिस्त्रींचे गुडघे चाळिशीतच दुखायला लागले होते. पन्नाशीनंतर त्यांना खड्ड्याच्या तीन पायऱ्या चढायला दोन माणसं लागायची. त्यांतला एक पुष्कळदा मी असायचो.

पंचाहत्तरला ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात दाजींनी हार घातला. त्याच संध्याकाळी मी तांदळाच्या डब्यातून बिल्ला काढला आणि त्यांच्या घरी गेलो. चौदा वर्षांत मी हे मनातल्या मनात शंभर वेळा केलं होतं. प्रत्येक वेळी दाजींची नोकरी, आक्काचं क्वार्टर, पोरींची लग्नं अशी कारणं आडवी यायची. आता पोरींची लग्नं झाली होती. बघा, तेव्हाही मी हिशेब मिटल्यावरच निघालो.

मिस्त्री बाजेवर पाय लांब करून बसले होते. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, गुडघ्यांवर वाळूच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या.

"ये आनंदा. बस. चहा टाक गं."

मी बिल्ला बाजेवर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. चष्मा शोधला, घातला, लांबूनच वाकून बघितला.

"पॉलिश केलंस व्हय रे? आमच्याकडं असा कधी चमकत नव्हता."

"मिस्त्री, त्या दिवशी..."

"येसबानं सांगितलं तवाच. खिडकीत दिला म्हणाला. लोण्यावानी चालली म्हणाला."

चौदा वर्षं मी ज्याच्यापासून लपत होतो त्याला त्या रविवारपासून माहीत होतं. मी विचारलं, "मग बोलला का नाही? माझी गचांडी का नाही धरली?"

"धरायलाच आलो हुतो सोमवारी. लई शिव्या जमवल्या हुत्या वाटंनं." ते हसले नाहीत. "फाटकात आलो तर ही समोर उभी. चौदा नंबर. तिच्याकडं बघितलं आन् माझीच बोलती बंद झाली. तू साहेबाला काय म्हणालास? आला न्हाई. बंद पडली असं कोण म्हणालं? मी म्हणालो. रीत समजावून सांगून म्हणालो."

भाभी चहा घेऊन दारात थांबल्या.

"तिचा येक नट माझ्या हाताखालनं न जाता बसला नव्हता," मिस्त्री म्हणाले. "तरी मी तिला खोटी पाडली आन् तुला खरा धरला. मग भांडू कुणाशी?"

चहा निवला. मी बिल्ला त्यांच्याकडं सरकवला, "हा तरी ठेवून घ्या."

"गाडी परत आल्यावर बिल्ला घ्यायचा असतो," ते म्हणाले. "टाइमकीपर ना तू? तुला ठाऊक पायजे. गाडी कुठाय?"

मी बिल्ला उचलून खिशात घातला. उठताना त्यांनी सवयीनं हात पुढं केला, मी त्यांना धरून उभं केलं, आणि ते मला दारापर्यंत सोडायला आले.

आता ही सगळी माणसं गेली. पिंजरापोळाच्या जागेवर बाजारकट्टा झाला. मी एकटा उरलो आहे, म्हणून हिशेब मलाच मिटवायचा. दाजींना फोरमनकी मिळाली, आक्काला नळ मिळाला, मला बायको, खोली आणि पुढं दोन मुलं. भरायची वेळ आली तेव्हा येसबानं नाव भरलं, चौदा नंबर भंगारात गेली आणि मिस्त्रींनी दोन्ही गुडघे भरले. माझ्याकडं कुणी काही मागितलंच नाही. मी आपण होऊन द्यायला गेलो होतो, तेवढंही त्यांनी घेतलं नाही.